नेव्हला चालणारं क्रीम

प्रिय टीगन,

रविवारी तू फोन ठेवलास, ठेवलास कसला, आपटलास, त्यानंतर मी बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते. हातात ओला पंचा होता, तो पिळायचंही सुचेना. तुझं एकेक वाक्य मला पाठ झालंय. ‘हे त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय, आई. नऊ वर्षांची असल्यापासून मी घसा कोरडा करतेय. आता होबार्टहून एवढ्या लांब येऊन मी त्याचा हात धरून रडत बसू? नाही जमणार मला.’ मी ‘अगं, ऐक तरी’ म्हणेपर्यंत तू गेलीसही. बरंच झालं. फोनवर मी पुन्हा कच खाल्ली असती. ऑगस्टपासून तेच तर करतेय. म्हणून कागद घेऊन बसले. टाउन्सव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ईस्टर बघेल असं वाटत नाही. म्हणजे पाच आठवडे, फार तर सहा, आणि त्यातला एक हे पत्र तुझ्यापर्यंत पोचण्यात जाणार. तू यायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण ज्या गोष्टीवरून तू येत नाहीयेस ती गोष्ट खरी नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. खरं काय ते वाचशील तेव्हा माझा तिरस्कार वाटेल तुला. वाटू दे.

तुझा बाबा पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत आहे. रेडिओवर क्रिकेट चाललंय, पंखा पूर्ण सोडलाय तरी घामाने उशी भिजते. इथला ऐन उन्हाळ्यातला फेब्रुवारी तुला सांगायला नको. सकाळपासून दोन चमचे आंब्याचं आईस्क्रीम गेलंय पोटात. पॅंट कमरेला दोरीने बांधावी लागते. तरी तोंड चालू आहे. आत्ताच ओरडला, ‘नोलीन, तो पोरगा पुन्हा स्लिपमध्ये झेल देऊन आला, याच्यापेक्षा मी मेलेला बरा खेळेन!’ आणि स्वतःच हसला, मग खोकला. मी स्वयंपाकघरातून ‘गप रे’ म्हटलं. मी वाणसामानाची यादी करतेय असं त्याला वाटतंय.

तुझ्या शाळेत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ हा नियम होता, आणि तो तू आमच्या घराला लावलास. आठवतं? सकाळी तुझा बाबा पिकअपमध्ये शिडी चढवत असायचा आणि तू शाळेच्या गणवेशात, उन्हाच्या क्रीमची ट्यूब हातात घेऊन त्याच्या मागे मागे. ‘बाबा, कान! बाबा, मान!’ तो म्हणायचा, ‘आल्या बघा इन्स्पेक्टरबाई, आता दंडुका काढतील.’ वाकायचा, तुला कानाला लावू द्यायचा, तुझी बस वळली की मनगटाने पुसून टाकायचा. एकदा तू बसच्या मागच्या काचेतून ते पाहिलंस. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू त्याच्याकडे पाठ करून बसलीस आणि मी तुलाच रागावले. तेव्हाचा नेव्ह तसाच होता, मी त्याची बाजू घेत नाही. चौदाव्या वर्षापासून नुसत्या बनियनवर छपरांचे पत्रे ठोकत आला होता, खांद्यांची सालं निघायची आणि ती सोलण्यात त्याला मजा वाटायची. पण तुला एक माहीत नाही, कारण आम्ही कधी तुझ्यासमोर बोललो नाही. त्याला क्रीमचं वावडं नव्हतं. त्याला चालेल असं क्रीम मला सापडत नव्हतं.

आणि मी कोण? बोवेनमधल्या औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरला उभी राहिलेली बाई! लोक मला क्रीमवाली नोलीन म्हणायचे. मी कधी कुणाला बाटलीवरचा एसपीएफचा आकडा विचारून क्रीम दिलं नाही. हात पुढे करा म्हणायचे, मनगटाच्या वर एक थेंब लावायचे आणि सांगायचे, जा, पोस्टापर्यंत उन्हातून चालून या, मग बोलू. तेलकट कातडीवर तेलकट क्रीम थापलं की या दमट हवेत माणूस दहा मिनिटांत वैतागतो आणि उद्यापासून लावत नाही. कोरड्या कातडीला जेल दिलं की ताणल्यासारखी होते. लहान मुलांना घट्ट पांढरं, कारण कुठे लागलं कुठे राहिलं ते दिसतं. कोळंबीच्या बोटींवर जाणाऱ्यांना नाकाला आणि ओठांना जस्ताच्या मलमाची कांडी, बाकी अंगाला पाण्यात न सुटणारं लोशन. सगळ्यांना शेवटी मी एकच सांगायचे, जे अंगाला बरं वाटेल आणि रोज लावाल, तेच तुमचं चांगलं क्रीम. लोक मान डोलवायचे. मला फार शहाणं असल्यासारखं वाटायचं. आज ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

कारण घरच्या माणसाचं काही जमेना. घट्ट पांढरं दिलं, ते घामाबरोबर डोळ्यांत उतरलं. बेकरीच्या छपरावर डोळे चोळता चोळता त्याचा पाय कडेच्या बाहेर पडला होता, सोबत काम करणाऱ्या डॅरिलने पट्ट्याला धरून मागे ओढला म्हणून वाचला. नारळाच्या वासाचं लोशन दिलं, तर हात ओशट झाले, स्क्रूचं मशीन निसटून खाली मालकिणीच्या कुंडीवर पडलं. पत्र्याचा कीस त्या ओशट हातांवर असा चिकटायचा की संध्याकाळी साबणाने घासताना रक्त यायचं. जेल लावलं तर खरचटलेल्या जागी आग. फवारा दिला तर म्हणाला, ‘नोलीन, वर वारा असतो बाई. तुझ्या फवाऱ्याने समुद्रपक्ष्यांची चांगली सोय झाली, माझ्या वाट्याला वास आला.’ हसून हसून सांगायचा आणि बाटली परत माझ्या काउंटरवर. बेकरीवाली बेव्ह पाव द्यायला आली की चार गिऱ्हाइकांसमोर हटकून म्हणायची, ‘साऱ्या गावाला थापतेस गं, आणि तुझा नवरा उकडलेल्या खेकड्यासारखा फिरतोय. आधी घरचं बघ.’ मीही हसायचे, पण मनातून जळायचे. त्याच्या कातडीची काळजी किती होती आणि माझ्या नाकाची किती, ते मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

मग तू होबार्टला नोकरी घेतलीस. विमानतळावर त्याने मिठी मारायला हात पसरले तर तू त्याचा कान धरून बघितलास, तिथे खपली होती. म्हणालीस, ‘हे असंच चालू ठेव. मी तुला मरताना बघायला येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.’ आणि वळलीस. तुला वाटलं ते वाऱ्यावर गेलं. गेलं नाही गं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हाक आली, ‘दे ती बाटली. कुठली पण दे. आणि कसं लावतात ते एकदा नीट दाखव.’ मी दाखवलं. दोन बोटांवर लांबीभर रेघ तोंडाला आणि मानेला, कानामागे वेगळं, हातांना वेगळं, दर दोन तासांनी पुन्हा. दोन महिने त्याने ते घट्ट क्रीम लावलं. संध्याकाळी डोळे लाल घेऊन यायचा, वाफाळत्या चहात पाव बुडवून मुकाट खायचा, तक्रार नाही. मला दया येत होती आणि आनंदही होत होता. हे तुला कळवावं असं मनात आलं, तर म्हणाला, ‘सांगू नकोस. नाताळात येईल तेव्हा आपोआप बघेल की, चकित होईल.’ त्या नाताळात तू आली नाहीस.

जानेवारीत एक दिवस तो दुकानातच आला, पत्र्याच्या धुळीने माखलेला, चेहरा खुललेला. ‘अगं, हे कुठलं आणलंस? हे बेस्ट आहे. पाण्यासारखं लागतं, चिकटत नाही, डोळ्यांत जात नाही. हेच देत जा मला.’ आणि बाटली काउंटरवर ठेवली. टीगन, ते तेच घट्ट क्रीम होतं. दोन महिन्यांपूर्वी मी दिलेली दुसरी बाटली. पिकअपच्या डॅशबोर्डवर, समोरच्या काचेखाली, नोव्हेंबरपासून पडून होती. बंद गाडीत डॅशबोर्डला हात टेकवत नाही आपल्याकडे, हे काय तुला सांगायचं? मी झाकण उघडलं. आतलं फाटलं होतं. वर पिवळट पाणी, खाली दाणे, आणि जुन्या मेणखडूसारखा वास. तो हलवून हलवून ते पाणी लावत होता. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी होती, ‘क्रीम गाडीत ठेवू नका, जेवणाच्या बर्फाच्या डब्यात ठेवा.’ गाडीत तापलेली बाटली कुणी घेऊन आलं की मी त्याच्यासमोर कचऱ्यात टाकायचे, वर दोन शब्द सुनवायचे.

त्याला काय सांगितलं मी? ‘नवीन आलंय, नेव्ह. खास छपरावरच्या लोकांसाठी काढलंय.’ असं पटकन आलं तोंडातून की जणू तयारच होतं. तो इतका खूश होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचे डोळे पांढरे दिसत होते. आणि बेव्ह तिथेच उभी होती, पावाची टोपली घेऊन. म्हणाली, ‘काय सांगतेस! शेवटी सापडलं का नवऱ्याला चालेल असं?’ मी म्हटलं, हो, सापडलं. मग मनाची समजूत घातली, काहीच न लावण्यापेक्षा बरं, अगदीच निकामी झालं नसेल, थोडं तरी अडवत असेल. उद्या त्याला सांगू, परवा दुसरं काही शोधू. ते परवा काही आलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चूक म्हणता आली असती. पण ती बाटली संपली. नवी दिली असती तर घट्ट लागली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी काय केलं ऐक. नवी बाटली माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, तीन आठवडे, रोज दुपारी काचा बंद करून. आंबे पिकायला घालतात तशी. पातळ झाली की त्याला द्यायची. बारा वर्षं, टीगन. त्याचे गुडघे गेले आणि त्याने छपरावर चढणं सोडलं तोपर्यंत. कॅलेंडरवर मी बारीक फुली मारायचे, कुठली बाटली कधी तयार होईल त्याची. आणि तो इमानेइतबारे लावायचा. सकाळी आरशात बघून कानामागे, मानेला, मग दर दोन तासांनी, मोबाईलमध्ये गजर लावून. पबमध्ये सांगायचा, ‘आपली बायको आपल्यासाठी स्पेशल माल ठेवते.’ मी दारात उभी राहून त्याला लावताना बघायचे आणि मला समाधान वाटायचं. खोटं नाही सांगत, खरोखर समाधान वाटायचं. माणूस इतका कसा आंधळा होतो, विचारू नकोस.

डॅरिल एकदा दुकानात आला, म्हणाला, ‘नेव्ह लावतो ते दे मला.’ मी त्याला फळीवरची ताजी बाटली दिली. परक्या माणसाला पिकवलेली द्यायला माझा हात धजला नाही. हे नीट वाच आणि लक्षात ठेव. मला माहीत नव्हतं असं कधी कुणी माझ्या बाजूने म्हणालं, तर डॅरिलची बाटली सांग.

तुलाही सोडत नाही मी. बारा वर्षांत तू चारदा आलीस, प्रत्येक वेळी सुट्टीत, जेव्हा तो छपरावर नव्हता. फोनवर विचारायचीस, ‘अजून तसाच फिरतोस का रे?’ आणि तो माझ्याकडे डोळा मारून म्हणायचा, ‘तसाच.’ त्याला ते तुला प्रत्यक्ष दाखवायचं होतं ना. शेवटी एकदा तुला दाखवायला तो मुद्दाम पिकअपमधून समुद्रावर घेऊन गेला. तू पुढच्या सीटवर, मी मागे. तू डॅशबोर्डवरची बाटली पाहिलीस, ऊन लागून प्लास्टिक पिवळं पडलेलं. म्हणालीस, ‘ही काय शोभेला ठेवलीय का?’ त्याचा चेहरा पडला, एक क्षणभर, तुला दिसला नसेल. मग हसला आणि म्हणाला, ‘हो, शोभेलाच.’ मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. बारा वर्षांत एकदा तरी ‘अगं, तो लावतो’ एवढं सांगायची ती वेळ होती. पण तू लगेच बाटली उघडून बघितली असतीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून मी बोलले नाही.

जुलैमध्ये केस कापणाऱ्या पोरीला त्याच्या डाव्या कानामागे काळा डाग दिसला. पुढचं तुला माहीत आहे, कातडीचा कॅन्सर, कापलं, मग गाठी, मग फुप्फुस. ऑगस्टमध्ये तू आलीस, आपण तिघं त्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. त्यांनी नुसतं विचारलं, उन्हात काम करताना काही लावायचात का? त्याने तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ‘कधीच नाही. मी साक्षीदार आहे.’ मला वाटलं, आता तो सांगणार, बायकोचं ते खास क्रीम, बारा वर्षं, दिवसातून चारदा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘पोरगी बरोबर बोलतेय. नाही लावलं कधी. ओशट वाटायचं.’ मी तिथे काय केलं असेल? मी श्वास सोडला. सुटले, असं वाटलं मला. माझा नवरा मरणार हे नुकतंच ऐकलं होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बाई पुढे म्हणाल्या की हे कुठल्या वर्षीच्या उन्हाचं आहे ते कुणीच सांगू शकत नाही, चौदाव्या वर्षाचंही असेल. तेव्हापासून ते एक वाक्य मी धरून बसलेय. त्याने काही होत नाही.

त्याने असं का सांगितलं, हे मी त्याला सहा महिने विचारलं नाही. भीती वाटत होती. रविवारी तू फोन आपटलास तेव्हा तो सगळं ऐकत होता, तुझा आवाज खोलीभर येत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, नेव्ह, मी टीगनला खरं सांगणार आहे, तुला आधी सांगते. आणि सांगितलं. डॅशबोर्ड, फुल्या, सगळं. तो रेडिओचा आवाज कमी करून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘झालं? मला माहीत आहे.’ डॅरिलने घेतलेल्या बाटलीवरून त्याला कळलं होतं. चहाच्या सुट्टीत डॅरिल कुरकुरला, हे तर गोंदासारखं आहे, तुझी बायको मला फसवते. दोघांनी बाटल्या शेजारी ठेवल्या, लेबल तेच, नाव तेच. ‘मी पत्रे ठोकतो, नोलीन, डोक्यावर पडलेलो नाही. चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं, तापू देऊ नका म्हणून. मग तुझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या बाटलीला हात लावला.’ म्हणजे तिसऱ्या वर्षीच. पुढची नऊ वर्षं त्याने ते जाणूनबुजून लावलं.

मी ओरडलेच त्याच्यावर. मग बोलला का नाहीस, फेकून का दिली नाहीस? तर म्हणतो, ‘घट्ट लावून छपरावर डोळे मिटून चालायचं का? आणि तू सकाळी दारात उभी राहून बघायचीस ना, इतकी खूश दिसायचीस. म्हटलं असू दे. थोडं तरी काम करत असेल, असं मलाही वाटायचं, तुझ्यासारखंच.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, टीगन. राग असता तर बरं झालं असतं, मला काही तरी धरायला मिळालं असतं. मग मी फोनकडे हात नेला तर त्याने माझं मनगट पकडलं, त्या हातात आता जोर नाही तरी पकडलं. ‘तिला एक अक्षर सांगायचं नाही. माझ्यावर चिडलीय ना, चिडू दे. मी चाललोच आहे, गेलेल्या माणसावर किती दिवस चिडणार? तुझ्यावर चिडली तर तिला आई उरणार नाही आणि तुला पोर. मग मी गेल्यावर दोघी काय करणार?’ माझ्याकडून वचन घेतलं त्याने. मी दिलंही.

आणि आता बसून ते मोडतेय. खोटं मी बारा वर्षं त्याच्या सुखासाठी बोलले असं म्हणत आले, आता माझ्या सुखासाठी त्याने बोललेलं खोटं मला पचत नाही. तुला आई राहावी म्हणून तो तुझ्याविना मरायला तयार झालाय. मला ते नको. म्हणून तू ये. ये आणि त्याला यातलं काही कळू देऊ नकोस. मी सांगितलं हे कळलं तर त्याच्या हातचं शेवटचं कामही मी बिघडवलं असं होईल. तू फक्त त्याच्याजवळ बस आणि म्हण, बाबा, मी रागावले होते, आता नाही. त्याने जे केलंच नाही त्याची माफी त्याला दे. तो ‘नाही लावलं गं, चुकलं’ म्हणेल, डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, त्याला म्हणू दे. माझ्यावरचा राग नंतर काढ, मला पुढे वेळच वेळ आहे. प्रोसर्पाइनच्या विमानाचं तिकीट काढलंस की डॅरिलला कळव, तो घ्यायला येईल, त्याला फक्त तू येणार एवढंच सांगितलंय. मला मात्र कळवू नकोस. मला कळलं तर मी दाराकडे बघत बसेन, आणि तो माझा चेहरा ओळखतो.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
आई